विचारून चाललेली वाट

हे अथांगाच्या धन्या, भूमी आणि पाणी यांच्यामध्ये रेघ ओढणाऱ्या, आणि मनाला येईल तेव्हा ती पुसून पुन्हा आत ओढणाऱ्या प्रभो, आधी तुला नमस्कार. तुझे नाव घेतल्यावाचून माणसाचे नाव घेऊ नये. ज्याच्या ओठी स्तोत्र क्वचितच आले, ज्याचा आवाज प्रार्थनेत शेजाऱ्यालाही ऐकू गेला नाही, पण ज्याने धन्याच्या दारात टोपी काढल्यावाचून धन्याच्या मातीवर पाऊल ठेवले नाही, अशा तुझ्या एका लेकराची ही कथा. त्याची भक्ती तुला पहिल्या दिवशीच कळली असेल. आम्हा गावकऱ्यांना कळायला फार उशीर झाला. म्हणून आधी तुझी क्षमा, आणि मग त्याचे नाव. रोलंड थर्टल.

आमचे सॅलोबी इंग्लंडातल्या नॉरफकच्या किनाऱ्यावर, दोनशे उंबऱ्यांचे. इथला कडा दगडाचा नाही. वाळूचा आणि पिवळ्या मातीचा आहे, आणि समुद्र दर हिवाळ्यात त्याचा घास घेतो. रोलंडच्या आजोबांचे बटाट्याचे शेत आज समुद्रात आहे. रोलंड ज्या शाळेत अक्षरे गिरवायला शिकला ती शाळा समुद्रात आहे. आणि गावापासून माळावरच्या एकट्या चर्चपर्यंत जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता, ज्यावर रोलंडने रस्ते खात्याचा कामगार म्हणून सव्वीस वर्षे खडी पसरली, डांबर ओतले, गटारे उपसली, तो रस्ता त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तीन दिवसांच्या तुफानात त्याच्या डोळ्यांदेखत खाली उतरला. घरी येऊन तो बायकोला, बेरिलला, एवढेच म्हणाला, "गेला सगळा." तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ओले मोजे काढायला लावले.

रस्ता गेला, पण चर्च राहिले. चर्चभोवती आमची माणसे निजलेली राहिली. मग जिवंतांनी वाट शोधली. पडलेल्या रस्त्याच्या आतल्या अंगाला हार्वी गेज नावाच्या शेतकऱ्याचे बार्लीचे रान होते. त्याच्या बांधावरून आधी एक गेला, मग दहा गेले, मग सारे गाव जाऊ लागले. पाऊण मैलाची वाट. ती नसती तर उरत होता साडेतीन मैलांचा हमरस्ता, ज्याला पायी चालणाऱ्यासाठी हातभरही कड नाही, आणि ज्यावरून बीट भरलेले ट्रक असे धावतात की अंगावरचा कोट फडफडतो.

त्याच वर्षी ग्रामपंचायतीने रोलंडला पायवाटांचा राखणदार नेमले. पगार नाही, गणवेश नाही, वर्षअखेरच्या सभेत आभाराचे एक वाक्य. त्याने ते पद असे सांभाळले जणू कोणी त्याच्या हाती देवघराची किल्ली दिली आहे. काटेरी वेली छाटल्या, फाटकाच्या बिजागरीला तेल दिले, दलदलीच्या जागी फळ्या टाकल्या. वाट अशी राखली, की आंधळ्यानेही चालावे.

सहा वर्षांपूर्वी बेरिल गेली आणि त्याच चर्चच्या आवारात, पूर्वेच्या भिंतीशी निजली. तेव्हापासून ही वाट रोलंडच्या दिवसाचा कणा झाली. मूलबाळ नव्हते. भाऊ कॅनडात जाऊन तिथलाच झाला. डोळ्यांच्या मध्यभागी काळा ठिपका आला तेव्हा त्याने मोटारीचा परवाना आपणहून परत पाठवला. सकाळी दहाला तो निघे, अकराला बेरिलपाशी पोचे. तिथे टोपी काढून, दगडाच्या कडेला बसून, तो तिला गावची खबर सांगे. टपालवाल्याची गुडघेदुखी. बसथांब्यावरची फुटलेली काच. कोणाच्या बागेतल्या शेंगा गारठल्या. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे शब्द बहुतेक तिथेच निघत. उरलेल्या दिवसात किटली बोले, घड्याळ बोले, तो ऐके.

गेज म्हातारा वारला. त्याच्या पुतणीने रान विकले. ज्याने घेतले तो प्रेंटिस नावाचा शहरातला गृहस्थ होता. त्याला घोडे पाळायचे होते, आणि घोड्यांच्या रानातून कोणाचीही ये-जा नको होती, विचारूनसुद्धा. माणूस वाईट नव्हता, पण त्याने सॅलोबी नकाशावर पाहिले होते, आणि नकाशावर ती वाट नव्हती. कायद्याच्या लेखी गावाची वाट म्हणजे तो जुना रस्ता, आणि तो तर समुद्राच्या तळाशी. जानेवारीच्या एका सकाळी रोलंड फाटकापाशी पोचला तो फाटकाला साखळी, बांधभर नवी तार, आणि पाटी: खासगी जागा. तारेपलीकडे, धुक्यात, चर्चचा मनोरा बोटाएवढा दिसत होता. रोलंड तिथे तासभर उभा राहिला, आणि मग जसा आला तसा परत गेला. त्या दिवशी बेरिलला खबर मिळाली नाही.

फेब्रुवारीची पंचायतीची सभा अशी भरली, की गावसभागृहात खुर्च्या कमी पडल्या. एरवी सभेला सहा सभासद, सचिव जॅनिस उटिंग आणि ऊब मिळते म्हणून येणारा एखादा असे. त्या संध्याकाळी साठ माणसे. तरीही अध्यक्ष कॅटरमोल यांनी विषयपत्रिकेचा क्रम मोडला नाही. कुत्र्यांची घाण टाकायचा नवा डबा बसथांब्याशी असावा की हिरवळीशी, यावर पस्तीस मिनिटे गेली.

शेवटी मागच्या रांगेतून डोरीन लार्टर उठली. डोरीन म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची खेकडेवाली. उकडलेले खेकडे सोलून, कवचात भरून विकणारी, आणि माणसेही तशीच सोलणारी. "अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "कुत्र्यांचं उरकलं असेल तर आता माणसांचं बघायचं का?"

"डोरीन, लोकांनी बोलायची वेळ यायची आहे अजून."

"माझा नवरा लेन त्या तारेपलीकडे पुरलाय. त्याला सांगते, थांब बाबा, डब्याचं ठरतंय."

हशा पिकला. कॅटरमोल हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी चष्मा पुसला, आणि मग मात्र त्यांचा आवाज चढला. "ऐका. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं उघडपणे गेले, कुणाला दमदाटी न करता आणि कुणाची परवानगी न घेता गेले, की ती वाट कायद्यानं गावाची होते. मग मालक कुणीही असो. आपली बावीस झालीत! जबानीचे कागद भरायचे, प्रत्येकानं एक. मी स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत पाठवतो."

"आणि गेजनं कधी अडवलं होतं म्हणाले तर?" कोणीतरी विचारले.

"कधीच नाही! शेजारचे जमीनदार बघा, वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप घालतात, हक्क लागू नये म्हणून. गेजनं बावीस वर्षांत एकदाही घातलं नाही. का नाही घातलं, ते देव जाणे."

"आळस!" डोरीन म्हणाली. "तो स्वतःच्या पँटची बटणं लावत नव्हता, फाटकाला कुलूप काय घालतोय."

पुन्हा हशा. साठ माणसे हसली. एकटा रोलंड हसला नाही, कारण गेज कुलूप का घालत नसे हे एकट्या रोलंडला ठाऊक होते. 'कुणाची परवानगी न घेता' हे शब्द त्याच्या छातीत खड्यासारखे जाऊन बसले होते.

रोलंडचा बाप शेतमजूर होता. त्याने मुलाला एकच रीत शिकवली होती: दुसऱ्याच्या रानात पाय घालण्याआधी त्याच्या मागच्या दाराशी जायचे, पुढच्या नव्हे, टोपी काढायची, आणि विचारायचे. देवदूताने मरियामातेला शुभवार्ता दिली तो मार्चचा पंचविसावा दिवस. जुन्या काळी शेतीचे करार त्या दिवशी नवे होत. रस्ता पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी रोलंड त्या दिवशी गेजच्या मागच्या दाराशी गेला. हातात बेरिलने केलेला शहाजिऱ्याचा केक, स्वच्छ फडक्यात बांधलेला. "मिस्टर गेज, पंचायतीतर्फे आलोय. यंदा गावाला बांधावरून जाऊ द्याल ना?" गेज म्हणाला, "जा की गड्या. फाटक लावून घेत जा म्हणजे झालं." दरवर्षी तोच दिवस, तोच प्रश्न, तेच उत्तर. गेज गंमतीने म्हणे, "तू आला नाहीस त्या वर्षी कुलूप घालीन बघ!" रोलंड प्रत्येक वर्षी गेला. सतरा वर्षे बेरिलचा केक. बेरिल गेल्यावर बाजारातला. गेज मरेपर्यंत.

पंचायतीत हे त्याने कधी सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही. सकाळी तोंड धुतले हे कोणी इतिवृत्तात लिहून घेते का?

चार दिवसांनी जॅनिस उटिंग त्याच्याकडे आली. त्याला बारीक अक्षर दिसत नव्हते म्हणून त्याचा कागद ती भरणार होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघे बसली. जॅनिस अर्ध्या दिवसाची सचिव आणि पूर्ण दिवसाची आई. ती भराभर वाचत होती. किती वर्षे चाललात? बावीस. किती वेळा? रोज. कोणी अडवले? नाही. "नववा प्रश्न: मालकाची परवानगी कधी मागितली होती का? नाही," आणि ती लिहूही लागली.

"जॅनिस, थांब. हो म्हणून लिही."

"काय?"

"मागितली होती. दरवर्षी."

तिने पेन खाली ठेवले. "स्वतःपुरती ना, मिस्टर थर्टल? म्हणजे तुम्ही एकटे जाणार म्हणून?"

"माझ्या एकट्याची कशाला मागू? गावाची मागितली. राखणदार होतो मी."

जॅनिसने कागद बाजूला सारला. मग तिने त्याला समजावले, जसे डॉक्टर समजावतात, हळू आणि नजर न मिळवता. परवानगी घेऊन चाललेल्या पावलांनी हक्क होत नाही. त्याने एकट्याने घेतली असती तर त्याचा एक कागद बाद झाला असता, बाकीचे टिकले असते. पण पंचायतीच्या माणसाने गावातर्फे घेतली, म्हणजे सगळ्या गावाची पावले परवानगीची झाली. बावीसच्या बावीस वर्षे.

"म्हणजे मी विचारलं म्हणून वाट गेली?"

"तुम्ही चांगुलपणानं विचारलंत, हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी पंचायतीची नोकर आहे. खोटं लिहू शकत नाही. पण... तुम्ही कागद भरायलाच पाहिजे असंही नाही. मी आज आलेच नाही असं समजा."

ती गेली. कोरा कागद टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी कॅटरमोल स्वतः आले. जॅनिसने सांगितले की त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले, कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, चहा घेतला, हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, "रोलंड, तुला खोटं बोल असं मी म्हणणार नाही. मास्तर होतो मी, ते माझ्या तोंडी शोभायचं नाही. फक्त गप्प बस. एक्केचाळीस कागद आलेत. तुझा नसला तर बिघडत नाही. गेज मेलाय. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे ना."

"अरे, तुझंच माणूस तिकडं निजलंय! आमच्याकडे मोटारी आहेत, आम्ही हमरस्त्यानं जाऊ. वाट गेली तर सगळ्यांत जास्त कुणाचं जाणार? तुझं."

रोलंडने मान डोलावली. त्याला ते ठाऊक होते. सज्जनहो, त्याच्याइतके ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यानंतरचे तीन आठवडे तो रोज दहाला निघाला आणि रोज तारेपाशी थांबला. पलीकडे घोडे चरत होते. त्याहून पलीकडे मनोरा. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका नेमका मध्यावर, म्हणून मनोरा पाहायचा तर त्याला नजर जराशी बाजूला न्यावी लागे. मग मनोरा कडेने येऊन उभा राही. तो मनात घोळवत होता. गप्प बसण्यात काय आहे? आयुष्यभर तो गप्पच तर बसला होता. गप्प राहिले की साखळी निघेल. साखळी निघाली की पाऊण मैल. पाऊण मैल चालले की बेरिल.

पण मग केक आठवे. चोवीस तारखेच्या दुपारी भट्टी तापवणारी, पिठाचा हात कपाळाला लावणारी बेरिल. "जास्त भाजला का रे? म्हाताऱ्याचे दात कमी आहेत, मऊ हवा." सतरा वर्षे तिने ते फडके धुवून, इस्त्री करून ठेवले. आता सारे गाव सही करून म्हणणार, कोणी कधी विचारलेच नाही. म्हणजे ती भट्टी तापलीच नाही. ते फडके बांधलेच गेले नाही. म्हातारा गेज दारात उभा राहून 'जा की गड्या' म्हणालाच नाही. तो आळशी होता, बस्स. बेरिलपर्यंत पोचायचे, ते बेरिलच्या हातचे पुसून? तिच्या दगडाशी टोपी काढून बसायचे, आणि तिने विचारले, वाट कशी मिळवलीस रे, तर सांगायचे काय?

धन्य तो प्रभू, जो माणसाला अशा जागी उभे करतो की दोन्ही हातांनी जे धरले आहे, तेच सोडायला सांगतो! आणि धन्य तो माणूस, जो सोडतो आणि आपण काही मोठे केले असे त्याच्या मनालाही शिवत नाही.

मार्चच्या सभेत लोकांनी बोलायची वेळ आली. प्रत्येकाला तीन मिनिटे. जॅनिस घड्याळ लावते. रोलंड उभा राहिला. गावाने त्याला सभेत बोलताना बावीस वर्षांत ऐकले नव्हते. कॅटरमोल यांनी मान खाली घातली.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "मी मिस्टर गेजना विचारत होतो. दरवर्षी, पंचवीस मार्चला, गावातर्फे. ते हो म्हणायचे. म्हणून कुलूप नव्हतं. ते आळशी नव्हते. माझी मिसेस केक द्यायची, फडक्यात बांधून. सतरा वर्षं दिला." तो थांबला. आणखी काही सांगायचे होते, ते सापडले नाही. "तेवढंच."

घड्याळात सव्वादोन मिनिटे शिल्लक होती. ती तशीच सरली.

मग डोरीन बोलली, आणि तिच्या आवाजात हसू नव्हते. "सतरा केक. समुद्राला आमचा रस्ता न्यायला तीन दिवस लागले. तू एका फडक्यात बांधून वाट देऊन टाकलीस, म्हाताऱ्या. कुणी सांगितलं होतं विचारायला? आम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"दुसऱ्याचं रान होतं ते, डोरीन."

इतिवृत्तात जॅनिसने लिहिले: 'श्री. थर्टल यांनी माहिती दिली. नोंद घेतली.' सभा संपली. आमच्याकडे सभेनंतर प्रत्येकजण आपापली खुर्ची उचलून भिंतीशी रचतो. त्या संध्याकाळी सगळे तसेच निघून गेले. साठ खुर्च्या रोलंडने रचल्या, एकेक करून, हात दुखेपर्यंत. जॅनिसने दिवे मालवले आणि म्हणाली, "सोडू का घरी?" तो म्हणाला, "नको. तू पोरांकडे जा."

कागद कचेरीत गेले, त्याच्या जबानीसह. मे महिन्यात उत्तर आले. लोक परवानगीने चालत होते, सबब दावा टिकणार नाही. पंचायतीने दावा मागे घेतला. रोलंडने छाटणीची कात्री, तेलाची बाटली आणि फाटकाचे जुने आकडे एका खोक्यात घालून सभागृहात ठेवले, आणि राखणदाराचे पद सोडले. इतिवृत्तात आभाराचे वाक्य आले. नवा राखणदार कोणी नेमला नाही, कारण राखायला वाट नव्हती.

आता सांगायचे ते आमच्याविषयी, आणि ते सांगताना मान वर होत नाही. आम्ही त्याला शिव्या दिल्या नाहीत. दगड मारले नाहीत. आम्ही फक्त त्याला बघेनासे झालो. दुकानात तो आला की बोलणे हवापाण्यावर येई. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅटरमोल त्याला आपल्या मोटारीतून चर्चला नेत. ते नेणे थांबले. कोणी 'येऊ नको' म्हटले नाही. कोणी 'चल' म्हटले नाही, एवढेच. आणि जो गावासाठी दुसऱ्याच्या दाराशी इतकी वर्षे उभा राहिला, त्याला स्वतःसाठी कोणाच्या दाराशी उभे राहता येईना. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटे, दुसरा कोणी नेत असेल. प्रभो, असे वाटून घेणे किती सोपे केलेस तू!

त्या दिवसांत त्याच्या घरात शब्द उरले नाहीत. सांगायच्या खबरी साचत गेल्या: शेजारणीला नात झाली, पाणकोंबड्या तळ्यावर आल्या, बसची वेळ बदलली. सांगायची कोणाला? किटली उकळे, तो शेगडी बंद करी. कधी दोन कप काढून ठेवी, आणि एक परत फळीवर ठेवी.

जूनमध्ये बेरिलचा वाढदिवस आला. रोलंडने बागेतले शेवंतीसारखे पांढरे फूल, ज्याला ती 'चांदणी' म्हणे, त्याची जुडी कागदात गुंडाळली, काठी घेतली, आणि हमरस्त्याने निघाला. वय एकोणऐंशी. साडेतीन मैल. ट्रक आला की तो गवतात उतरे, काठी रोवे, डोळे मिटे, वारा जाऊ देई आणि पुन्हा डांबरावर चढे. तासाभरात मैलसुद्धा झाला नाही. फुलांच्या निम्म्या पाकळ्या वाऱ्याने नेल्या. मैलाच्या खुणेच्या दगडावर तो बसला. पुढे जायचे बळ नव्हते, आणि मागे फिरायचे मन नव्हते.

एक पांढरी गाडी त्याच्यापुढे जाऊन थांबली, मागे आली. तिच्यातून खेकड्यांचा वास आला. काच खाली झाली.

"मरायचं आहे का इथं?" डोरीन म्हणाली. "ट्रकवाल्याला कामाला लावशील विनाकारण."

रोलंड उठला, टोपीला हात लावला. "बसलो होतो जरा."

"दिसतंय. कुठं निघालास?"

त्याने फुलांकडे पाहिले. तिनेही पाहिले.

"मी अजून रागावलेली आहे," डोरीन म्हणाली. "आधीच सांगते. नाताळपर्यंत रागावलेली राहीन, कदाचित पुढंही. ती वाट माझी होती. लेनकडे जाताना बार्ली हाताला लागायची, ते आता नाही. समजलं?"

"समजलं."

"मग बस आत. पुढं बस, मागं बर्फ आहे."

तो बसला. चर्चच्या आवाराशी तिने गाडी थांबवली, वर्तमानपत्र उघडले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लेनला सांग, मी नंतर येते. पाऊण तास आहे तुझ्याकडे. खेकडे वाट बघत नाहीत."

तीन महिन्यांनी रोलंड थर्टल पूर्वेच्या भिंतीशी पोचला. गवत वाढले होते. त्याने ते हातांनी उपटले. टोपी काढली. दगडाच्या कडेला बसला. त्याने तिला काय सांगितले ते आम्हांला ठाऊक नाही. डोरीन काच वर करून बसली होती. एवढेच ती म्हणाली, की तो सगळा वेळ बोलत होता, हात हलवून हलवून, आणि मध्ये एकदा हसला. परत येताना मात्र पुन्हा गप्प. घराशी उतरताना त्याने विचारले, "डोरीन, पुढच्या..."

"गुरुवारी," ती म्हणाली. "दर गुरुवारी मी तिकडूनच जाते. दहाला दाराशी उभा राहा. हॉर्न वाजवणार नाही."

ती दर गुरुवारी येते. अजून रागावलेली आहे. उरलेले सहा दिवस रोलंड एकटा आहे, आणि त्या सहा दिवसांचे आम्ही काही केले नाही. ते ओझे आमच्या माथी असू दे.

आता, हे मर्यादेच्या मालका, त्या एकट्या घराकडे बघ. त्याच्या गुडघ्यांत बळ राहू दे, डोळ्यांच्या कडेला उजेड राहू दे. त्याच्या चुलीची ऊब विझू देऊ नको, आणि त्याच्या दाराशी येणारे पाऊल गुरुवारवाचूनही येऊ दे. ते पाऊल आमचेच असावे इतकी लाज आम्हांला दे. डोरीनच्या हातांना थंडीत कळा न येवोत, तिची गाडी न बिघडो. बेरिलच्या मातीपर्यंत समुद्राला एवढ्यात पोचू देऊ नको. रोलंड तिच्या शेजारी येऊन निजेपर्यंत तरी नाही. सत्य सांगून ज्याने आपली वाट गमावली, त्याला तुझ्या अंगणातून जाताना कोणाची तार न लागो. रोलंड थर्टलचे, त्याच्या घराचे, त्या घरात जे नाहीत त्यांचेही कल्याण असो, कल्याण असो, कल्याण असो.